गिअरबॉक्स उतरतोच आहे तर

क्लच बदलून आण, असं मृणालिनीने सांगितलं होतं. वाक्य लहान होतं, मराठीत होतं, आणि ज्याला सांगितलं तो नवरा चांगला पुण्याच्या कॉलेजातून शिकलेला इंजिनिअर होता. एवढी सगळी अनुकूलता असूनही घोळ झालाच.

गाडी तिची होती. निदान ती तसं समजत होती. पांढरी, जुनी, हाताने गिअर टाकायची. दोह्यात असली गाडी दिसली तर लोक हिला अजून पेट्रोल मिळतं का असं विचारतात. देवव्रतने ती केरळला परत जाणाऱ्या एका सहकाऱ्याकडून घेतली, दोन वर्षं चालवली आणि बढती मिळाल्यावर स्वतःसाठी काळी, उंच, आपोआप चालणारी गाडी आणली. मग पांढरी मृणालिनीकडे आली, जशा घरातल्या बाकीच्या जुन्या वस्तू येत. पण तिने त्या गाडीवर जीव लावला. त्याच गाडीवर ती ड्रायव्हिंग शिकली, परीक्षेत नापास झाली, पुन्हा नापास झाली आणि मग पास झाली. कुठल्या चढावर क्लच किती सोडायचा हे तिच्या डाव्या पायाला पाठ होतं.

ह्या ऑगस्टात तिला नोकरी लागली. नाशिकच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. लग्नानंतर दोह्यात आली आणि तेव्हापासून त्या एमएस्सीचा उपयोग दूध किती कोमट झालं की विरजण लावायचं एवढ्यापुरता उरला होता. आता दोह्याबाहेर वक्रा गावाच्या बाजूला एका भारतीय शाळेत नववी-दहावीचं फिजिक्स मिळालं होतं. तीन महिने प्रोबेशन. मुख्याध्यापिका तय्यबा मॅडम हैदराबादच्या. बोलायला मऊ, घड्याळाला कडक. प्रोबेशनमध्ये तिसऱ्यांदा उशीर झाला की नमस्कार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगितलं होतं. शाळेची बस त्यांच्या भागात, फरीज बिन ओमरानला, येत नव्हती. म्हणजे नोकरी गाडीवर उभी होती, आणि गाडी क्लचवर.

त्यात रस्ते. वर्ल्ड कपला अजून चार वर्षं होती, पण सगळं शहर आजच संध्याकाळी पाहुणे येणार असल्यासारखं उकरून ठेवलं होतं. रात्री झोपताना असलेला राउंडअबाउट सकाळी नसे. त्याच्या जागी लाल-पांढरे ठोकळे, एक बाण आणि बाणाच्या टोकाला काहीच नाही. थुमामाच्या बाजूला स्टेडियम उठत होतं, आणि त्याच्या आजूबाजूचे पार्किंग आणि रस्ते करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे देवव्रत व्हॅल्यू इंजिनिअरिंग मॅनेजर होता. व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणजे दुसऱ्याने विचार करून काढलेल्या डिझाइनमधून काय काय काढून टाकता येईल हे फारसा विचार न करता शोधणं. त्याने आजवर झाडांच्या कुंड्या काढल्या होत्या, बाक काढले होते, वॉशरूममधले निम्मे आरसे काढले होते. त्याबद्दल त्याला काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं होतं, ते मात्र टीव्हीशेजारून काढायला तो तयार नव्हता.

सप्टेंबरपासून पांढऱ्या गाडीचा क्लच सरकायला लागला. इंजिन ओरडायचं आणि गाडी पळायची नाही. मृणालिनी म्हणाली, क्लच बदलून आण. देवव्रत म्हणाला, मिहीरशी बोलतो.

इथेच तिने किल्ली काढून घ्यायला हवी होती.

मिहीर हा देवव्रतचा मित्र, नाशिकचा, तेल कंपनीत नोकरीला. गाड्यांवरचे सगळे व्हिडिओ पाहून झालेले, टायर मात्र एकही बदललेला नाही. हे दोघे गाडी घेऊन इंडस्ट्रियल एरियात किसनच्या गॅरेजला गेले. किसन बीडचा. कतारी पोरांच्या रेसच्या गाड्या तयार करण्यात त्याचं नाव होतं, आणि ते नाव पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकायला मिळे. तिघे मराठी पुरुष एका उघड्या बॉनेटभोवती उभे राहिले की पुढे काय होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तेव्हा कोणीतरी म्हणतं, "गिअरबॉक्स उतरतोच आहे तर..."

ही आपली जुनी सवय. आलोच आहोत तर. निघालोच आहोत तर. मेथीची जुडी आणायला गेलेली माणसं ह्या सवयीपायी फ्रीज घेऊन घरी येतात.

दोह्यात सगळे सण शुक्रवारी येतात. पंचांग काहीही म्हणो, सुट्टी शुक्रवारी असते. त्यामुळे दसऱ्याची वाहनपूजा शुक्रवारी सकाळी, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. गाडी आदल्या संध्याकाळी आली होती, धुऊन, पुसून. मिहीर प्लास्टिकच्या झेंडूचा हार घेऊन हजर. मृणालिनीने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हळदी-कुंकू वाहिलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तिची मुलगी अनुष्का, आता आईच्याच शाळेत सातवीत, फोनवर शूटिंग करत होती.

"आता सरप्राइज," देवव्रत म्हणाला, आणि त्याने पूजेच्या ताटाशेजारी एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. जड होती. आत लोखंडाचा कीस होता, चकाकणारा, कुरळा.

"हे काय?"

"ओळख!"

"देवव्रत, आरती व्हायचीय. काय आहे हे?"

"डेड वेट! इतकी वर्षं आपण उगाच वाहत होतो बघ. क्लच तर बदललाच. पण गिअरबॉक्स उतरतोच आहे तर म्हटलं, फ्लायव्हील पण हलकं करून घेऊ. लेथवर धरलं आणि निम्मं उडवलं!"

मृणालिनीने पिशवी उचलून पाहिली. मग खाली ठेवली. "माझं फ्लायव्हील कापलंस?"

"वहिनी, नुसता रिस्पॉन्स बघा तुम्ही," मिहीर म्हणाला. "एका टचला उठेल गाडी."

"मला उठवायची नाहीये, मिहीर. सिग्नलला जागी राहिली तरी पुरे. फ्लायव्हील कशासाठी असतं?"

"रोटेशनल मास हो, वहिनी. त्याच्यामुळे इंजिन—"

"कशासाठी असतं, विचारलं मी."

मिहीरने देवव्रतकडे पाहिलं. देवव्रतने नारळाकडे पाहिलं.

"इंजिन धक्के देत फिरतं," मृणालिनी म्हणाली. "हे जड चाक ते धक्के गिळतं आणि जोर साठवून ठेवतं. आपण क्लच सोडतो तेव्हा त्या साठवणीवर गाडी हलते. ती साठवण तू पिशवीत भरून आणलीस. ह्याच आठवड्यात नववीला शिकवलं मी हे. मला विचारावंसं नाही वाटलं?"

"अगं, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं."

हे वाक्य त्याने एमएस्सी फिजिक्सला ऐकवलं, दसऱ्याच्या दिवशी, हातात आरतीचं ताट असताना. ताट कोणाच्या हातात होतं हे इथे महत्त्वाचं आहे. तिच्या हातात असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

"चल, लिंबं चिरड," तो म्हणाला. "मुहूर्त टळतोय."

ती बसली. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण आवाज बदलला होता. आत कोणीतरी दात खात बसल्यासारखा. तिच्या डाव्या पायाने पाठ असलेलं सगळं केलं. गाडीने एक उचकी दिली, लिंबांवर अर्धी चढली आणि बंद पडली. मग मागे घरंगळली. लिंबं जशीच्या तशी.

"आई, इट डाइड ऑन द लेमन," अनुष्का म्हणाली. शूटिंग चालूच होतं.

"सवय होईल," मिहीर म्हणाला.

रविवारी तिला उशीर झाला. ऑक्टोबर असला तरी एसीशिवाय गाडीत बसणं म्हणजे कुकरमध्ये बसणं, आणि एसी लावला की इंजिनाचा श्वास आणखी कमी व्हायचा. नव्या राउंडअबाउटवर गाडी बंद पडली. चालू केली, बंद पडली. मागे हॉर्नची रांग. एक पिकअपवाला खिडकीतून "यल्ला, यल्ला!" म्हणून ओरडत होता, जणू पुढे निघायचंय ह्याची तिला कल्पनाच नव्हती. मंगळवारी स्पीड-ब्रेकरवर पुन्हा तेच. तय्यबा मॅडम गेटवर उभ्या होत्या.

"मिस मृणालिनी, ये दूसरी बार है. मैं आपको पसंद करती हूँ. लेकिन तीसरी बार मेरे हाथ में नहीं रहेगा."

संध्याकाळी देवव्रतने तिला गाडी कशी चालवायची ते समजावलं. जरा रेझ देऊन निघायचं. पाय एकदम सोडायचा नाही. हलक्या फ्लायव्हीलला वेगळी ड्रायव्हिंग स्टाइल लागते. त्याने सोफ्यावर बसल्या बसल्या पायाने दाखवलंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ज्यांनी तिला नाशिकला वर्गात पाहिलं होतं ते ह्या टप्प्यावर पुढच्या बाकावरून उठून मागे जात. देवव्रत कधी तिच्या वर्गात बसला नव्हता.

बुधवारी शाळेतून ती थेट किसनच्या गॅरेजला गेली.

"या या म्याडम!" किसन हात पुसत पुढे आला. "कशी पळतीय? नुस्ती उडत आसंल. आसलं काम कतारात मी सोडून कुनी करून दाखवावं!"

"किसनराव, मला पळायचं नाहीये. मला थांबायचंय आणि थांबून पुन्हा निघायचंय. हे तुमच्या रेसच्या पोरांना लागत नसेल. मला दर सिग्नलला लागतं."

"आता सायेब म्हनले करा, तर केलं. मी तर म्हनलं, लई भारी आयडिया. आपल्याला बी हौस."

"गाडी कोणाची, विचारलंत?"

"सायबाचीच की."

"चालवतं कोण?"

किसनने क्षणभर विचार केला. हा प्रश्न ह्या गॅरेजात नवा होता. "ते न्हाई इचारलं," तो म्हणाला.

"परत होतं तसं करा."

"कापलेलं लोखंड कुठं चिटकतंय, म्याडम? आता दुसरं हुडकायचं, स्क्रॅपमधी. मॅन्युअल गाडी, जुनी. शुक्रवारपातूर मिळंल. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. मिळेल की नाही?"

"मिळंल," किसन म्हणाला. तिच्या कानांकडे त्याचं लक्ष गेलं असावं.

मधे गुरुवार होता. बुधवारी रात्रीच जेवताना तिने सरळ विचारलं. "उद्या तुझी गाडी मला दे. एका दिवसापुरती. शुक्रवारी माझी नीट होईल."

देवव्रतने कढी भुरकली. "उद्या शक्य नाही गं. डेलिगेशन येतंय. पार्किंगची, रस्त्यांची पाहणी. बसने फिरवायचंय त्यांना. मी सकाळी लवकर साइटवर पाहिजे."

"मग तू पांढरी घेऊन जा."

"मी? पांढरी?" तो हसला. "अगं, डेलिगेशनच्या दिवशी? ती मधेच बंद पडली तर?"

अनुष्काने फोन खाली ठेवला, म्हणजे प्रसंग गंभीर होता. देवव्रतला आपण काय बोललो ते घास गिळल्यावर कळलं, तो म्हणाला, "म्हणजे, मला सवय नाही ना." मृणालिनी उठली आणि तिने आपलं ताट न घासता सिंकमध्ये ठेवलं. तिच्या संसारात हे पहिल्यांदा घडत होतं.

गुरुवारी ती नेहमीपेक्षा बरीच लवकर निघाली. मागच्या सीटवर अनुष्का, डिकीत ती पिशवी. एसी बंद, खिडक्या उघड्या, दोघींच्या तोंडावर धूळ. थुमामापर्यंत सगळं नीट झालं. तिने शिव्या न देता, श्वास रोखून, रेझ देऊन, पाय हळू सोडून, नवऱ्याने सोफ्यावर दाखवल्यासारखी गाडी हाकली. मग नवं वळण लागलं. काल नसलेलं. ठोकळ्यांच्या दोन रांगांमधून एकच गाडी जाईल एवढी वाट, थोडी चढाची, टोकाला झेंडेवाला. त्याने लाल झेंडा दाखवला, ती थांबली. त्याने हिरवा दाखवला आणि गाडीने जीव सोडला.

चालू केली. उचकी, बंद. चालू केली. उचकी, बंद. मागे एक मोठी पांढरी बस येऊन थांबली होती, काचा काळसर, पुढे कंत्राटदाराच्या नावाचा फलक. तिच्या मागे सिमेंटचे मिक्सर, रांगेत, डोळ्यांना दिसेपर्यंत.

फोन वाजला. देवव्रतचा मेसेज. "डावीकडे घे ना जरा. मागे व्हीआयपी आहेत."

तिने आरशात पाहिलं. बसच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, निळी टोपी घालून तिचा नवरा बसला होता. त्याने तिला ओळखलं होतं, गाडी ओळखली होती, मागच्या सीटवरची वेणी कोणाची ते ओळखलं होतं. आणि तो खाली उतरण्याऐवजी टाइप करत होता. डावीकडे ठोकळे होते. उजवीकडे ठोकळे होते. मॅनेजरला हे माहीत असायला हवं होतं. रस्ता त्याच्याच कंपनीने केला होता.

एक क्षण तिला वाटलं, रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी डोकं एकदम थंड आणि स्वच्छ झालं, कठीण गणित सुटायच्या आधी होतं तसं. तिने हँडब्रेक ओढला. किल्ली काढली. डिकी उघडून पिशवी घेतली.

"अनुष्का, दप्तर घे. उतर."

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"उतर म्हटलं ना."

तिने बसच्या दारावर थाप मारली. पहिली हलकी नव्हती आणि दुसरी तर आणखीच नव्हती. ड्रायव्हरने दार उघडलं. आत गारवा होता, अत्तराचा वास होता, सुटातले पाहुणे होते, काही जपानी, काही गोरे, काही पांढऱ्या पायघोळ थोबमधले कतारी. देवव्रत उभा राहिला. त्याच्या हातात माइक होता. बहुधा तो पाहुण्यांना वाहतूक कशी सुरळीत राहील ते सांगत होता.

"मृणाल, प्लीज. आत्ता नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. माइक चालू होता. सगळ्या बसला ऐकू गेलं.

"आत्ताच," ती म्हणाली. मराठी कोणाला कळत नव्हती आणि सगळ्यांना कळत होती. "ही घे किल्ली. गाडी तुझी. आणि हे घे," तिने पिशवी त्याच्या हातावर ठेवली, तसा त्याचा हात खाली गेला. "लावून दे परत. तुझी किल्ली कुठाय?"

"कुठली?"

"काळ्या गाडीची. साइट ऑफिसला उभी आहे ना? ती बघ, इथून दिसतेय."

"मृणाल, लोक बघतायत."

"गेला आठवडाभर मलाही लोकच बघतायत. किल्ली."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या जपानी पाहुण्याने देवव्रतकडे पाहून मान हलवली, म्हणजे द्या, असं. देवव्रतने खिशातून किल्ली काढली.

ती ठोकळ्यांवरून पलीकडे गेली, साडी सावरत, अनुष्काचा हात धरून, धुळीतून. मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं काम अनुष्काने केलं.

"बाबा उतरले... बाबा गाडीत बसले... आई, ही स्टॉल्ड इट." थोड्या वेळाने: "अगेन." काळ्या गाडीतून साइट ऑफिसच्या गेटबाहेर पडताना: "आई, दे आर पुशिंग."

नंतर मिहीरकडून कळलं की दोन पाहुण्यांनी कोट काढून गाडी ढकलली होती, आणि एक जण ढकलता ढकलता देवव्रतला सांगत होता, जरा रेझ देऊन निघा.

काळी गाडी आपोआप चालत होती. तिला त्यात काहीच करावं लागलं नाही, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. आठवडाभर ही गाडी रोज सावलीत उभी होती. ती शाळेत पोहोचली तेव्हा प्रार्थनेची घंटा वाजत होती. तय्यबा मॅडम गेटवरच होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, मृणालिनीच्या साडीवरची धूळ पाहिली.

"बेल अभी बज रही है," त्या म्हणाल्या. "मतलब आप वक़्त पर हैं. जाइए."

नववीच्या वर्गात त्या दिवशी कोणी हू की चू केलं नाही. कान अजून लाल होते.

शुक्रवारी दोघं नवरा-बायको किसनच्या गॅरेजला गेले. पांढरी गाडी टोइंगने आधीच आली होती. स्क्रॅपमधलं फ्लायव्हील सापडलं होतं. काळंमिट्ट, गंजकं, पुरेपूर जड. मृणालिनीने ते स्वतः दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि मगच बसवू दिलं. स्टूल ओढून ती बॉनेटसमोर बसली आणि काम संपेपर्यंत उठली नाही. किसनने रेसच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली होती, पण श्रोत्यांचा रागरंग पाहून आवरली.

देवव्रत तिच्या मागे उभा होता. कालपासून तो फार बोलला नव्हता. ऑफिसात त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं, फक्त सगळे भेटल्यावर गाडी कशी आहे म्हणून विचारत होते. पण गिअरबॉक्स खाली उतरलेला पाहिला आणि त्याला राहवलं नाही.

"मृणाल, मी काय म्हणतो. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर..."

ती वळली. नुसती वळली.

"काय म्हनले सायेब?" किसनने गाडीखालून विचारलं.

"काही नाही," देवव्रत म्हणाला.

गाडी तयार झाली. तिने चावी फिरवली. दात खाण्याचा आवाज गेला होता. एसी लावला, इंजिन थोडं दबलं आणि सावरलं. पाय उचलला. गाडी हलली, जुन्या मैत्रिणीने काही न बोलता सोबत निघावं तशी.

देवव्रत खिडकीशी आला. त्याच्या हातात ती पिशवी होती. "ही इथेच टाकून देऊ का? स्क्रॅपमध्ये?"

"अजिबात नाही," मृणालिनी म्हणाली. "टीव्हीशेजारी ठेव, तुझ्या त्या काचेच्या बक्षिसाला लागून. दर दसऱ्याला तिची पूजा होईल. हळदी-कुंकू, आरती, सगळं. आणि ती तू करायचीस."

तिने काच वर घेतली आणि निघाली. सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली. राग तसाच होता.